ऑपरेशननंतर दिवस कधी राहू द्यायचे, हे कुणी सांगायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन कमी करण्याच्या ऑपरेशनवर लेख आला होता. साखर, ब्लडप्रेशर, गुडघे, झोपेत श्वास अडकणं, या सगळ्याबद्दल त्यात व्यवस्थित लिहिलं होतं. मूल होण्याबद्दल मात्र एकच ओळ होती, की वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते. ओळ खरी आहे. पण तेवढ्या एका ओळीच्या भरवशावर बायका ऑपरेशन करून घेतात आणि पुढचं काहीच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, हे मी माझ्या कामात बघते. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जमल्यास न कापता छापावं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी प्रसूतिगृहात सिस्टर आहे, वीसेक वर्षं झाली. गरोदर बाई पहिल्यांदा आली की तिचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, मागचे आजार, मागची ऑपरेशनं हे सगळं विचारून कार्डावर लिहिणं माझ्याकडं असतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी काय घ्यावं हे इथं सांगणार नाही. पण बाई डॉक्टरांना जे सांगत नाही ते आम्हाला सांगते, आणि कधी आम्हालाही सांगत नाही, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

पूर्वी हे ऑपरेशन म्हणजे पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांचं काम होतं. आता आमच्याकडच्या विटा, तासगाव, जत भागातल्या मुलीही करून येतात. काहींचं लग्नाआधी झालेलं असतं, स्थळं नाकारली जातात म्हणून आईवडिलांनी केलेलं. काही जणी लग्नाला चार-पाच वर्षं होऊनही मूल नाही म्हणून टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यात जातात, तिथं त्यांना 'आधी वजन कमी करून या' म्हणतात. डाएट होतं, चालणं होतं, दहा किलो उतरतात, बारा परत येतात. मग कुणीतरी ऑपरेशनचं सुचवतं. तोवर चारचौघांत किती ऐकून घेतलेलं असतं ते त्या बाईलाच माहीत. बारशाला गेलं तरी बोलणी, नाही गेलं तरी बोलणी.

वजनाचा आणि मूल न होण्याचा संबंध खरोखर आहे. अंगात चरबी फार वाढली की इन्सुलिन रक्तात जास्त फिरतं, पण त्याचं काम नीट होत नाही. हे जादा इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. मग अंडी वाढायला लागतात आणि अर्ध्यावर थांबतात. महिन्याला एक पिकून सुटायला हवं, ते सुटत नाही. पाळी दोन-दोन, चार-चार महिने लांबते. आपल्याकडं याला सरसकट पीसीओडी म्हणतात. (हा त्रास सडपातळ मुलींनाही होतो, हेही लक्षात असू द्यावं.) पुष्कळ जणींची पाळी पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी सुरळीत होते, काहींना अंडं पिकवायच्या गोळ्या पुरतात. त्यामुळे पीसीओडी आहे म्हणून उठून ऑपरेशनला जावं असं मुळीच नाही. पण ज्यांचं वजन फार आहे आणि सगळं करून झालं आहे, त्यांच्यासाठी ऑपरेशन हा खरा उपाय आहे आणि तो करणाऱ्या बाईला नावं ठेवायचं कुणाला काही कारण नाही.

ऑपरेशन दोन प्रकारची जास्त होतात. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि अरुंद नळी तेवढी ठेवतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढं जोडतात, म्हणजे आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. दोन्हींत होतं असं, की वजन पुरतं उतरायच्या आधीच इन्सुलिन ठिकाणावर यायला लागतं. बाई अजून नव्वद किलोची असते, आरशात म्हणावा असा फरक दिसत नसतो, आणि आत अंडं सुटायला लागलेलं असतं. आणि अंडं आधी सुटतं, पाळी त्यानंतर पंधरा दिवसांनी येते. म्हणून 'पाळी सुरू झाली की मग बघू' म्हणणाऱ्या बाईला पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात.

अशी एक बाई आमच्याकडं आली होती, पोटात वायू धरतोय, पोट टम्म वाटतंय अशी तक्रार घेऊन. ऑपरेशनला सहा-सात महिने झाले होते. डॉक्टरांनी सोनोग्राफी लावली आणि पडद्यावर बाळ हलताना दिसलं, चौथा महिना संपत आलेला. पाळी चुकल्याचं तिच्या लक्षात कसं येणार? तिची पाळी तर वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्याशिवाय आलीच नव्हती. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर दिसत होतं आणि तिला पहिल्यांदा रडूच आलं. नंतर तिनं विचारलं, 'सिस्टर, मी तर गोळ्या कधीच सोडल्यात हो. बाळाला काही झालं असेल का?' व्हिटॅमिनच्या गोळ्यांबद्दल ती बोलत होती. ऑपरेशननंतर दोन महिने घेतल्या, मग बरं वाटतंय म्हणून बंद. त्या आयुष्यभराच्या असतात हे तिला कुणी समजावून दिलेलं नव्हतं, आणि मध्ये दिवस राहू देऊ नका हेही नाही. बाळ सुखरूप झालं, वजनाला कमी भरलं. पण पाचव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन आठच्या आत होतं आणि बी-१२ तर तळाला गेलं होतं. मटण-मासे न खाणारं घर, त्यात जठर एवढंसं.

ऑपरेशननंतर किमान वर्ष ते दीड वर्ष, काही तज्ज्ञ दोन वर्षंही म्हणतात, दिवस राहू देऊ नयेत असा जगभर सल्ला आहे. पहिल्या वर्षात वजन झपाट्यानं उतरत असतं, म्हणजे शरीर स्वतःचाच साठा मोडून खात असतं. लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सगळ्याचीच ओढाताण. बाळाचा मेंदू आणि मणका ज्यातून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत बंद होते, बहुतेक जणींना दिवस राहिल्याचं कळायच्या आधीच. फॉलिक ॲसिड तेव्हा अंगात असावं लागतं, नंतर देऊन ती वेळ परत येत नाही. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची असते. तिच्यात बी-१२ नसतं, आणि बायपास झालेल्या बाईच्या अंगी त्यातलं लोहही पुरेसं लागेल याची खात्री नसते. तिला रक्त तपासून वेगळा हिशेब करावा लागतो.

आता खरी अडचण. वर्ष-दीड वर्ष थांबायचं म्हणजे साधन वापरायचं. जी बाई मुलासाठी उपास-तापास, नवस-सायास करून थकली आहे, तिला साधनाबद्दल कसं बोलायचं? मी एकदा हा विषय काढला तर बरोबर आलेल्या सासूबाई उसळून म्हणाल्या, 'मूल होत नाही म्हणून एवढा खर्च केला आणि तुम्ही तांबी बसवा म्हणता?' त्यांचा राग मला समजतो. घरात पाळणा हलावा एवढ्यासाठीच तर सगळं केलेलं. म्हणूनच हे बोलणं ऑपरेशनच्या आधी व्हायला हवं, नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून, सर्जनच्या तोंडून. नंतर आमच्यासारखीनं सांगितलं की ते अभद्र बोलल्यासारखं वाटतं. शिवाय कुठलं साधन, हेही सांगायला हवं. बायपाससारख्या ऑपरेशननंतर पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या पुरेशा शोषल्या जातीलच असं नाही, आणि ओकाऱ्या-जुलाब सुरू असले तर त्यांचा भरवसा नाहीच. म्हणून तांबी किंवा हार्मोनचं गर्भाशयात बसवायचं साधन बरं मानतात. वेळ आली की काढता येतं, आणि काढल्यावर दिवस राहायला त्याची आडकाठी नसते.

थांबून, गोळ्या घेऊन, तपासण्या करून दिवस राहिले तर फायदा मोठा आहे. स्वीडनमध्ये जन्मनोंदींवरून एक मोठा अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. आधी ऑपरेशन झालेल्या ६७० गरोदरपणांची, ऑपरेशनपूर्वी तेवढंच वजन असलेल्या पण ऑपरेशन न केलेल्या बायकांशी तुलना केली होती. गरोदरपणातला मधुमेह ऑपरेशन न झालेल्यांत ६.८ टक्के, झालेल्यांत १.९ टक्के. प्रमाणाबाहेर मोठं बाळ २२.४ टक्क्यांवरून ८.६ वर. ज्यांनी चार किलोच्या बाळाचा खांदा अडकलेला बघितला आहे त्यांना या आकड्याची किंमत कळेल. पण त्याच अभ्यासात कमी वाढीची बाळं ७.६ टक्क्यांऐवजी १५.६ टक्के निघाली, म्हणजे दुप्पट. दोन्ही आकडे बाईला सांगायला हवेत. जाहिरातीत पहिलाच असतो.

तसाच दुसरा एक अभ्यास लंडनचा. पीसीओडी आणि लठ्ठपणा असलेल्या ८० बायका, निम्म्यांचं स्लीव्ह, निम्म्यांना नेहमीचे उपचार. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. वर्षभरात ऑपरेशनवाल्या गटात साधारण ६ वेळा अंडं सुटलं, दुसऱ्या गटात २ वेळा. आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र तिथं मोजलं होतं ते अंडं सुटणं, मांडीवर आलेली मुलं नव्हेत.

आणि अंडं सुटलं म्हणजे झालं असंही नाही. गर्भनलिका बंद असतील तर? आपल्याकडं गर्भाशयाच्या आणि नलिकांच्या टीबीनं त्या बंद झालेल्या किती तरी निघतात, आणि बाईला कधी खोकलासुद्धा झालेला नसतो. नवऱ्याचे शुक्रजंतू कमी असतील तर? बायकोचं जठर कापून झालं आणि नवऱ्याची वीर्यतपासणी अजून व्हायची आहे, असं जोडपं मी पाहिलं आहे. काही शे रुपयांची तपासणी! ती करायला नवरा तयार नव्हता आणि घरात कुणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. पुरुषांच्याही वाढलेल्या पोटाचा त्यांच्या हार्मोनवर परिणाम होतो, पण आपल्याकडं वजन काय ते सुनेचं मोजतात. हे सगळं लिहिताना मला राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

वयाचाही विचार आहे. सत्तावीस वर्षांच्या मुलीला दीड वर्ष थांब म्हणणं आणि सदतिशीच्या बाईला म्हणणं सारखं नाही. पस्तिशीनंतर अंड्यांची संख्या आणि प्रत दोन्ही उतरत जातात, वजन कितीही कमी केलं तरी ती भरून येत नाहीत. तिनं आधी ऑपरेशन करावं, की आधी टेस्ट ट्यूबकडं वळावं, की अंडी काढून गोठवून ठेवून मग ऑपरेशन करावं, हे सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी एकत्र बसून तिच्याशी बोलून ठरवायला हवं. प्रत्यक्षात दोघांची गाठच पडत नाही. फाइल पुण्यात, बाई आमच्याकडं.

फाइल नसते, आणि बाई सांगतही नाही. हा माझ्या मते सगळ्यांत मोठा धोका आहे. पोट तपासायला साडी बाजूला केली की दिसतात, बेंबीपाशी आणि वरच्या बाजूला पसरलेले चार-पाच बारीक व्रण. मी विचारते, 'हे कशाचं ऑपरेशन?' ती सासूकडं बघते आणि म्हणते, 'अपेंडिक्सचं.' अपेंडिक्सचे व्रण तसे नसतात. मग मी काहीतरी निमित्त काढून सासूबाईंना केसपेपर आणायला पाठवते आणि दार लोटून घेते. लग्नाआधी झालेलं असतं, सासरी माहीत नसतं. फसवलं म्हणतील ही भीती.

अशीच न सांगितलेली एक मुलगी साखरेच्या तपासणीला बसली होती. आमच्याकडं पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा जास्त आलं तर मधुमेह धरतात. तिनं ग्लास संपवला आणि पंधरा-वीस मिनिटांत बाकावर घामाघूम झाली. छातीत धडधड, पोटात कळ, डोळ्यांपुढं अंधारी. आम्ही आडवी केली, पाय वर घेतले. नवरा घाबरून गेलेला. बायपास झालेल्या बाईच्या आतड्यात एवढं गोड एकदम उतरलं की असं होतं. थोड्या वेळानं साखर उलट फार खाली जाऊ शकते, आणि दोन तासांनी घेतलेला आकडाही फसवा येऊ शकतो. अशा बाईला हे पाणी द्यायचंच नाही. तिला सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास आठवडाभर घरीच ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर बघायला लावतात. साधी गोष्ट आहे, पण आम्हाला ऑपरेशन माहीत असलं तरच.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत. बायपास झालेल्या बाईच्या पोटात गर्भाशय वाढलं की आतडी वर ढकलली जातात आणि ऑपरेशनमध्ये राहिलेल्या फटीत अडकू शकतात. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येते, ओकाऱ्या होतात. घरचे म्हणतात पित्त झालं, दवाखान्यात वाटतं कळा लागल्या. त्या दिवशी तिला सर्जन मिळाला नाही तर आतडं सडतं, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. दुसरी गोष्ट ओकाऱ्यांचीच. आपल्याकडं गरोदर बाई ओकायला लागली की ग्लुकोजचं सलाईन लावतात. या ऑपरेशननंतर दिवसेंदिवस उलट्या होत असतील तर अंगातलं बी-१ जीवनसत्त्व संपलेलं असू शकतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. छोट्या गावात रात्रपाळीला असलेल्या सिस्टरला हे कळणार कसं, जर कार्डावर 'अपेंडिक्स' लिहिलेलं असेल?

खाण्याचं तर घरोघरी युद्ध असतं. 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' म्हणून ताट वाढून देतात आणि तिला अर्धी भाकरी जात नाही. डोहाळजेवणाला पाच पक्वान्नं, ती तोंडाला लावून बाजूला ठेवते आणि माहेर-सासरची माणसं रुसतात. तिला हवं असतं थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, आणि त्यात प्रोटीन: अंडं, दही, पनीर, मटकीची उसळ, घट्ट पिठलं. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रोटीन पोटात जावं म्हणतात, ते एवढ्याशा जठरात बसवणं ही कसरत आहे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नको, लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. हे घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगितलं तर निम्मं काम होईल.

खर्चाचंही बोलायला हवं. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमावलीत हे ऑपरेशन विम्यात बसायला बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त हवा, नाहीतर निदान ३५ असून हृदयविकार, झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर त्रास, आटोक्यात न येणारा मधुमेह असं काही हवं. पीसीओडी त्या यादीत नाही, मूल न होणं नाही. वंध्यत्वाचे उपचार तर वेगळ्या कलमानं वगळता येतात. आशियाई लोकांना कमी वजनालाच मधुमेह गाठतो म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आपल्यासाठी ऑपरेशनचा विचार २७.५ बीएमआयपासून करावा असं म्हटलं आहे. विमा मात्र जुन्याच आकड्यांवर बसला आहे. मग गंठण गहाण पडतं. आणि गंठण ठेवून ऑपरेशन केलेल्या घरात पुढच्या रक्ततपासण्यांना, महिन्याच्या व्हिटॅमिनला पैसे उरत नाहीत. गोळ्या बंद होतात त्या नेहमी हलगर्जीपणानंच होतात असं नाही.

माझी सर्जन मंडळींना विनंती आहे. मूल व्हायच्या वयाची बाई असेल तर ऑपरेशनआधी तिची आणि नवऱ्याची स्त्रीरोगतज्ज्ञाकडं एक भेट ठरवून द्या. डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या की कुठलं ऑपरेशन झालं, अमुक महिन्यापर्यंत दिवस राहू देऊ नका, कुठलं साधन वापरा, कुठल्या गोळ्या कायम घ्यायच्या, आणि गरोदरपणात ग्लुकोजचं पाणी चालेल की नाही. इंग्रजी डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत पडून राहतं. आरोग्य खात्यानं आशाताईंना आणि आम्हा सिस्टरांना गरोदर बाईची नोंद करताना 'वजनाचं ऑपरेशन झालंय का?' हा एक प्रश्न विचारायला सांगावा, आणि तो एकांतात विचारायला सांगावा.

ज्या वाचक भगिनींचं ऑपरेशन झालं आहे त्यांना एवढंच, की ते कार्ड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दिवस राहिले असं नुसतं वाटलं तरी, पाळी येत असो की नसो, आधी तपासणी करून घ्या आणि गोळ्या बंद असतील तर डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करा. पोटात वरच्या बाजूला कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर घरी पित्ताची गोळी घेऊन बसू नका. सासरी सांगायचं नसेल तर तो तुमचा प्रश्न, मी आग्रह करणार नाही. पण कार्ड काढताना सिस्टरला बाजूला बोलवा आणि सांगा, कुठलं ऑपरेशन, कोणत्या महिन्यात, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आम्ही ते घरच्यांना सांगत नाही.

आपली,
एक परिचारिका, जि. सांगली
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध करू नये. पत्रातल्या भगिनींची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)